कोकरांच्या खाद्यात काय मिसळायचं, कधी मिसळायचं आणि काय अजिबात मिसळायचं नाही

मेंढ्या घेतल्या, पहिली कोकरं झाली की लगेच चार जण चार पावडरी सांगतात. एक म्हणतो प्रोबायोटिक द्या, दुसरा यीस्ट, तिसरा लिव्हर टॉनिक आणि चौथा म्हणतो मिनरल मिक्श्चर टाका मूठभर, काही होत नाही. हे "काही होत नाही" सगळ्यात धोक्याचं आहे. मेंढीच्या बाबतीत मूठभर मिनरल मिक्श्चरने खरंच जीव जातो, माझ्याकडे गेलाय, ते पुढे सांगतोच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. खुराक म्हणजे चारा, भरडा, पेंड, ज्यातून कोकराला ताकद आणि प्रोटीन मिळतं. सप्लिमेंट म्हणजे शरीराला लागतातच पण खुराकात कमी पडतात अशा गोष्टी, मीठ, कॅल्शियम, सेलेनियम, व्हिटॅमिन ई वगैरे. आणि फीड ॲडिटिव्ह म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात मिसळायच्या वस्तू, ज्यांच्यात पोषण फारसं नसतं पण त्या पचनावर, आतड्यातल्या जंतूंवर नाहीतर प्रतिकारशक्तीवर काम करतात, जसं यीस्ट, प्रोबायोटिक, सोडा, कॉक्सीची (आतड्यातल्या परजीवीने होणाऱ्या हगवणीची) औषधं. बोलताना सगळ्यालाच ॲडिटिव्ह म्हणतात, मीही म्हणतो, पण विकत घेताना फरक लक्षात ठेवा. सप्लिमेंट कमी पडलं तर कोकरू आजारी पडतं, ॲडिटिव्ह नाही दिलं तर बरेचदा काहीच बिघडत नाही.

पायरी १: डबा उघडायच्या आधी चीक

कोकरू जन्माला येतं तेव्हा त्याच्या रक्तात आजाराशी लढणारी अँटीबॉडी जवळजवळ नसतेच. माणसाच्या बाळाला ती आईच्या पोटात असतानाच मिळते, मेंढीची वार ती पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे कोकराची पहिल्या काही आठवड्यांची सगळी प्रतिकारशक्ती चिकातून येते. आणि कोकराचं आतडं ही अँटीबॉडी आख्खीच्या आख्खी रक्तात घेऊ शकतं ते फक्त सुरुवातीलाच, पहिल्या सहा तासांत सगळ्यात चांगलं, मग ते दार हळूहळू बंद होत जातं आणि साधारण २४ तासांनी बंदच होतं. त्यानंतर कितीही चीक पाजा, पोट भरेल पण अँटीबॉडी रक्तात जाणार नाही.

हिशोब सोपा आहे. पहिल्या दोन तासांत वजनाच्या किलोमागे ५० मिली आणि पहिल्या २४ तासांत मिळून किलोमागे २०० मिली. म्हणजे ४ किलोच्या कोकराला पहिल्यांदा २०० मिली आणि दिवसभरात ८०० मिली. आईला दूध असेल आणि कोकरू स्वतः उठून पीत असेल तर मोजायची गरज नाही, फक्त पोट चाचपून बघा भरलंय का आणि तोंडात बोट घालून बघा गरम आहे का, तोंड गार लागलं तर ते कोकरू अडचणीत आहे, त्याच्याकडे लगेच बघायचं. तिळ्यातलं तिसरं कोकरू, पहिलटकरणीचं कोकरू, कास दुखणाऱ्या मेंढीचं कोकरू, यांना हाताने पाजायची तयारी ठेवा. दुसऱ्या मेंढीचा जास्तीचा चीक फ्रीजरमध्ये गोठवून ठेवता येतो, पण वितळवताना कोमट पाण्यात बाटली बुडवून वितळवायचा, उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर अँटीबॉडी हे शेवटी प्रोटीनच, ते फाटून जातं आणि हातात नुसतं दूध राहतं.

याची तयारीही दीड महिना आधीच सुरू होते. गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत होते, त्या काळात मेंढीला खुराक कमी पडला तर कोकरू हलकं होतं आणि चीकही कमी उतरतो. सेलेनियम मेंढीकडून वारेतून कोकरात जातं, व्हिटॅमिन ई मात्र वारेतून फारसं जात नाही, ते चिकातून जातं, म्हणजे दोन्ही गोष्टी द्यायच्या आईला आणि मिळतात कोकराला. आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा आजार) आणि धनुर्वाताची लस मेंढीला व्यायच्या साधारण चार आठवडे आधी टोचली की त्याचीही अँटीबॉडी चिकात उतरते. कोकराला काय द्यायचं हे विचारणाऱ्या माणसाला मी आधी हेच विचारतो की गाभण मेंढीला काय दिलं होतं.

पायरी २: कोटीपोट तयार करणं

कोकरू जन्मतः रवंथ करणारं जनावर नसतं. दूध पिताना अन्ननळीच्या शेवटी एक पन्हळ तयार होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. कोटीपोट म्हणजे रुमेन तेव्हा बारीक पिशवीएवढं असतं, आतली भिंत गुळगुळीत. कोकरू भरडा खायला लागलं की तो तिथे आंबतो, त्यातून ब्युटायरिक आणि प्रोपियॉनिक ॲसिड तयार होतं, आणि या ॲसिडमुळेच भिंतीवर बारीक बोटांसारखे उंचवटे वाढतात ज्यांतून पुढे आयुष्यभर पोषण शोषलं जातं. चाऱ्याने पिशवी मोठी होते, भरड्याने भिंत तयार होते, म्हणून दोन्ही लागतं. कोकरांच्या वाढीसाठी यापेक्षा मोठं काम करणारं ॲडिटिव्ह मला अजून सापडलेलं नाही.

सात ते दहा दिवसांचं कोकरू झालं की क्रीप फीड सुरू करा. क्रीप म्हणजे वाड्यातला असा कोपरा जिथे साधारण २० सेंटीमीटर रुंदीच्या फटीतून कोकरू आत जातं आणि मेंढी जाऊ शकत नाही. आत कोरडं अंथरूण, उजेड, स्वच्छ पाणी, ताजा भरडा. प्रोटीन १८ ते २० टक्के. पहिले दोन-तीन आठवडे ती नुसती हुंगतात, चाटतात, थोडंसं तोंडात घेऊन सोडून देतात, तेव्हा निराश होऊ नका, फक्त उरलेलं रोज काढून मेंढ्यांना टाका आणि ताजं ठेवा, कारण शिळा लाळ लागलेला भरडा कोकरं शिवत नाहीत. युरिया या वयात अजिबात नाही, रुमेन चालू झालेलं नसताना युरियाचा अमोनिया होऊन तो सरळ रक्तात चढतो.

दूध तोडायचं कधी, तर तारखेवर नाही, खाण्यावर. बाटलीवरचं कोकरू सलग तीन दिवस रोज २५० ग्रॅम भरडा खात असेल तरच तोडा. आईसोबतची कोकरं बहुतेक आठ ते बारा आठवड्यांत तोडतात. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ॲडिटिव्हचा खरा उपयोग याच काळात असतो. चिकातून मिळालेली अँटीबॉडी पहिल्या एक-दोन महिन्यांत उतरत जाते, कोकराची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून शिकत असते, आणि नेमकं तेव्हाच आपण दूध तोडतो, खुराक बदलतो, आईपासून वेगळं करतो, गाडीत घालून दुसरीकडे नेतो. सगळे ताण एकाच आठवड्यात. शक्य असेल तर हे तोडून तोडून करा, दूध तोडलं त्याच आठवड्यात खाद्य बदलू नका.

पायरी ३: मिनरल, आणि तांब्याची गोष्ट

आता ती गोष्ट. सुरुवातीच्या वर्षी माझ्याकडे गाईंचं मिनरल मिक्श्चर होतं, चांगलं होतं, गाईंना मानवलं होतं, मी तेच कोकरांच्या भरड्यात मिसळायला लागलो. दोन-अडीच महिने सगळं छान. कोकरं चकचकीत दिसत होती. मग एक दिवस जंतनाशक पाजायला सगळी धरली, पळापळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात धिप्पाड नर कोपऱ्यात मान टाकून उभा. डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत हळदीसारखं पिवळं. त्याने माझ्यासमोर लघवी केली ती काळ्या चहासारखी तांबूस काळी. संध्याकाळपर्यंत गेला. चिरून बघितलं तर कातडीखालची चरबी पिवळी आणि मूत्रपिंडं निळसर काळी, गंजलेल्या लोखंडासारखी. डॉक्टर म्हणाले तांबं. त्या आठवड्यात अजून दोन गेले. पोतं उलटं करून बारीक अक्षरं वाचली तेव्हा समजलं.

मेंढीचं यकृत तांबं साठवत जातं आणि बाहेर टाकण्यात ते फार कमजोर असतं. गाय, डुक्कर, कोंबडी यांना जेवढं तांबं लागतं किंवा चालतं तेवढं मेंढीला विष. आठवडे, महिने काहीच दिसत नाही, मग कुठल्यातरी ताणाने यकृतातलं तांबं एकदम रक्तात सुटतं, लाल पेशी फुटतात, कावीळ आणि काळी लघवी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. युरोपियन युनियनच्या नियमात मेंढीच्या पूर्ण आहारात तांब्याची मर्यादा किलोला १५ मिलीग्रॅम आहे. आता गणित करून बघा. गाईच्या मिक्श्चरमध्ये किलोला हजारावर मिलीग्रॅम तांबं असू शकतं, समजा १,२०० आहे, ते भरड्यात २ टक्के मिसळलं तर मिक्श्चरमधूनच किलोला २४ मिलीग्रॅम झालं, आणि मका, पेंड, चारा यांच्यातलं तांबं वेगळंच.

म्हणून नियम एकच: पोत्यावर मेंढीसाठी असं स्पष्ट लिहिलेलं मिक्श्चरच घ्यायचं, आणि लेबलवर तांबं किती ते वाचायचं. शेळी आणि मेंढी दोघांसाठी असं लिहिलेलं असेल तर आकडा अजून नीट बघा कारण शेळीला तांबं मेंढीपेक्षा जास्त चालतं. कोंबडीखाद्य, डुकरांचं खाद्य मेंढीच्या गव्हाणीत जाता कामा नये, उरलंय म्हणूनसुद्धा नाही.

याची उलटी बाजूही आहे. माती-चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असेल तर ते तांब्याला बांधून ठेवतात आणि कोकरं कमतरतेने मागच्या पायांत लुळी जन्मतात. म्हणजे एका ठिकाणी तांबं जास्त होतं, दुसरीकडे कमी पडतं, आणि अंदाजाने दिलेलं दोन्हीकडे चुकतं. रक्ताची किंवा मेलेल्या जनावराच्या यकृताची तपासणी झाल्याशिवाय तांब्याची गोळी, इंजेक्शन काही देऊ नका.

बाकी मिनरलचं थोडक्यात सांगतो. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई ही जोडी पांढऱ्या पेशी मजबूत ठेवते आणि स्नायू वाचवते. कमी पडली तर दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचं कोकरू ताठ चालतं, पाठ कमान करून उभं राहतं, आणि हृदयाचा स्नायू धरला तर खेळता खेळता पडतं. पण सेलेनियमची गरज आहे किलोला ०.१ ते ०.३ मिलीग्रॅम, इतकी बारीक की घरच्या तराजूवर मोजताच येत नाही, त्यामुळे शुद्ध सोडियम सेलेनाइट आणून स्वतः मिसळायचा विचारही करू नका, ते प्रीमिक्समधूनच, म्हणजे आधीच मोजून मिसळलेल्या तयार मिश्रणातूनच जायला पाहिजे. भरड्यात सेलेनियम, चाटणविटेत सेलेनियम आणि वर इंजेक्शन, असं तिन्हीकडून दिलं की विषबाधा होते.

झिंक कमी पडलं की खुरांच्या वर आणि डोळ्यांभोवती कातडी जाड खरखरीत होते, जखमा लवकर भरत नाहीत. कोबाल्ट गमतीशीर आहे, कोकराला थेट नाही लागत, रुमेनमधल्या जंतूंना लागतं आणि ते त्यापासून व्हिटॅमिन बी १२ बनवतात. दूध तोडल्यावर चारा भरपूर असूनही कोकरं खंगत असतील, डोळ्यांतून पाणी गळत असेल, कान खवल्यासारखे कोरडे दिसत असतील आणि जंत नसतील तर कोबाल्टची शंका घ्या.

पायरी ४: आधी अडचण लिहा, मग ॲडिटिव्ह निवडा

एका कागदावर एक वाक्य लिहा, माझ्या कोकरांची अडचण ही आहे. हगवण, दूध तोडल्यावर वाढ थांबणं, मुतखडा, खोकला, जे असेल ते. "प्रतिकारशक्ती वाढवायची आहे" ही अडचण नाही. प्रतिकारशक्तीलाही खुराकच लागतो, ताप आलेलं कोकरू कमी खातं आणि जे खातं त्यातलं प्रोटीन मांस बनवायच्या ऐवजी लढाईत खर्च करतं, म्हणून आजार टळला की वाढ आपोआप दिसते. उगाच दिवसरात्र प्रतिकारशक्ती डिवचत राहण्यात फायदा नाही. जंतांच्या बाबतीत तर प्रोटीन हेच औषधासारखं आहे, पुरेसं प्रोटीन मिळणारी कोकरं जंतांना जास्त चांगली तोंड देतात.

जिवंत यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसेस सेरेव्हिसी, रुमेनमधला शिरलेला ऑक्सिजन वापरून टाकतं, त्यामुळे चारा पचवणाऱ्या जंतूंना बरं वातावरण मिळतं, आणि लॅक्टिक ॲसिड खाणाऱ्या जंतूंना मदत होते म्हणून पोट आंबट होणं कमी होतं. कुठे उपयोगी, तर भरडा जास्त असलेल्या आहारात, खाद्य बदलताना, प्रवासानंतर, उन्हाच्या त्रासात. चांगल्या कुरणावर मजेत वाढणाऱ्या कोकरांना यीस्ट देऊन फरक दिसेलच असं नाही. आणि दूधपित्या, रुमेन न चाललेल्या कोकराला त्याचा रुमेनवाला फायदा मिळणारच कुठून.

प्रोबायोटिक, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, एन्टेरोकॉकस, बॅसिलस वगैरे, दूधपित्या कोकरात जास्त कामाचे वाटतात, खास करून बाटलीवरच्या कोकरांत आणि अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर. हे जंतू आतड्यात कायमचे मुक्काम करत नाहीत, रोज द्यावे लागतात. अँटिबायोटिक चालू असतानाच त्याच वेळी दिलेत तर तेही मरतात. गरम दुधात टाकलेत तरी मरतात. बॅसिलसचे बीजाणू तेवढे चिवट, ते गोळी खाद्याची उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस सोसत नाही. त्यामुळे पेलेटमध्ये लॅक्टोबॅसिलस आहे असं कोणी सांगितलं तर तो उष्णतेपासून कसा वाचवलाय ते विचारा.

यीस्टच्या भिंतीपासून बनवलेले मॅनन आणि बीटा ग्लुकन हे जिवंत नसतात. मॅननचं काम गमतीशीर आहे, ई. कोलाय आणि साल्मोनेला आतड्याला चिकटतात ते आतड्याच्या पेशींवरच्या मॅनोज नावाच्या साखरेला धरून, मॅननमध्ये तीच साखर असते, मग जंतू तिलाच धरतात आणि विष्ठेतून निघून जातात. बीटा ग्लुकनला पांढऱ्या पेशी बुरशीची भिंत समजून सावध होतात. दुधातून दिलं तर हे सरळ चौथ्या पोटात आणि आतड्यात पोचतं, मोठ्या कोकरात रुमेनमधले जंतू त्यातलं बरंच आधीच खाऊन टाकतात, म्हणून द्यायचंच असेल तर लहानपणी.

खाण्याचा सोडा, भरड्याच्या साधारण १ टक्का, आम्लता थोपवायला. पण भरडा एकदम वाढवून सोड्याच्या भरवशावर राहू नका, खरा सोडा कोकराच्या लाळेत असतो आणि लाळ सुटते लांब चारा चावून रवंथ केल्याने. भरडा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. झपाट्याने वाढणारं, सगळ्यात खादाड कोकरू सकाळी मेलेलं सापडलं तर आंत्रविषाराची शंका पहिली घ्यायची, त्याला कुठलंही ॲडिटिव्ह नाही, लसच लागते.

अमोनियम क्लोराइड नर कोकरांसाठी, विशेषतः लहानपणी खच्ची केलेल्या आणि धान्यावर वाढणाऱ्या. धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्यातून फॉस्फेटचे खडे होतात आणि नराची मूत्रनळी बारीक असल्याने अडकतात. कोकरू लघवीला जोर करतं, शेपटी हलवतं, दात खातं, थेंब थेंब येतं, तेव्हा वेळ घालवू नका, डॉक्टर. टाळण्यासाठी कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण दोनाला एक ठेवा, मीठ द्या, पाणी चोवीस तास स्वच्छ, आणि एकूण खाद्याच्या ०.५ टक्का अमोनियम क्लोराइड, त्याने लघवी आम्ल होते आणि हे खडे जमत नाहीत. माझ्या मते धान्यावर वाढणाऱ्या नरांसाठी हे एक ॲडिटिव्ह डोळे झाकून पैसे घालावं असं आहे.

कॉक्सीची औषधं. चार ते आठ आठवड्यांच्या कोकरांची हगवण, कधी काळी, कधी रक्त मिसळलेली, मागचा भाग घाण, वाढ ठप्प. डेकोक्विनेट, लासालोसिड, मोनेन्सिन ही खाद्यातून जाणारी औषधं परजीवीचं चक्र सुरुवातीलाच तोडतात, म्हणून आजार दिसायच्या आधी सुरू केली तर उपयोग, हगवण लागलेलं कोकरू खातच नाही तर खाद्यातून औषध जाणार कसं. कुठलं चालतं, किती द्यायचं, कत्तलीआधी किती दिवस बंद ठेवायचं हे देशोदेशी वेगळं असतं, डॉक्टरला विचारूनच. आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका: मोनेन्सिन, लासालोसिड घोड्याला अगदी थोड्या मात्रेतही मारतात, कुत्र्यालाही धोका आहे, पोतं उघडं टाकायचं नाही, सांडलेलं लगेच उचलायचं. बाकी अंथरूण ओलं असेल तर औषध एकटं पुरत नाही, परजीवीची अंडी ओल्यातच पिकतात.

वनस्पतींचे अर्क, ओव्यातलं थायमॉल, लसणातलं ॲलिसिन, दालचिनीचं तेल, यांचे निकाल कुठे चांगले कुठे शून्य असे मिळतात, आणि मात्रा जास्त झाली की रुमेनमधले आपलेच जंतू मरतात आणि कोकरं वासाने खाणं सोडतात. टॅनिन थोडं असेल तर प्रोटीन रुमेनमध्ये वाया जाणं कमी होतं आणि जंतांवरही काही अंशी असर होतो, पण आहाराच्या ५ टक्क्यांवर गेलं की खाणंच कमी होतं.

राहता राहिलं अँटिबायोटिक. वाढीसाठी रोज थोडं थोडं अँटिबायोटिक खाद्यात देण्याची पद्धत होती, स्वीडनने १९८६ मध्ये ती बंद केली, युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून. कारण सरळ आहे, थोड्या मात्रेत टिकून राहिलेले जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत, जनावरात पण आणि माणसात पण. कोणी वाढीची पावडर म्हणून बिनलेबलची पुडी दिली तर घेऊ नका.

पायरी ५: मिसळणं

इथे बहुतेक लोक चुकतात. १०० किलो भरड्यात ५०० ग्रॅम वस्तू मिसळायची आहे, ती थेट ढिगावर टाकून फावड्याने फिरवली तर एका कोकराच्या तोंडात दहापट जाते आणि दुसऱ्याला काहीच नाही. असं करा: ५०० ग्रॅम वस्तू आणि ५०० ग्रॅम बारीक भरडा टोपात हाताने एकजीव करा, झाला १ किलो. त्यात १ किलो भरडा, झाले २. मग २, मग ४, असं दुप्पट करत १६ किलोपर्यंत जा, आणि तो १६ किलो उरलेल्या ढिगावर पसरून ताडपत्रीवर तीन-चार वेळा पूर्ण उलटापालट करा. थोडी मळी किंवा तेल शिंपडलं की बारीक पावडर तळाला बसत नाही. गव्हाण रिकामी झाल्यावर तळाशी पांढरी भुकटी दिसली तर समजा औषध तिथेच राहिलंय. तोंडाला फडकं किंवा मास्क लावाच.

गव्हाण एवढी लांब पाहिजे की सगळी कोकरं एकाच वेळी तोंड घालतील. नाहीतर दांडगी कोकरं दुप्पट खातात आणि ज्या किडमिड्या कोकरांसाठी आपण हा सगळा खटाटोप केला ती मागे उभी राहतात.

पायरी ६: काटा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, लोकर फसवते. जन्माचं वजन, मग दर दोन-तीन आठवड्यांनी, दर वेळी सकाळी खायच्या आधी, एकाच काट्यावर. भरल्या पोटाने आणि रिकाम्या पोटाने २५ किलोच्या कोकरात सहज किलो-दीड किलोचा फरक पडतो. ४ किलोचं कोकरू ३० दिवसांत ११.५ किलो झालं तर वाढ ७.५ किलो, म्हणजे रोज २५० ग्रॅम.

नवीन ॲडिटिव्ह खरंच लागू पडतंय का बघायचं तर कळप दोन भागांत करा. आधी सगळी वजनं लिहा, सारख्या वजनाच्या, सारख्या लिंगाच्या जोड्या लावा, आणि प्रत्येक जोडीतलं एक इकडे एक तिकडे, चिठ्ठी टाकून, मनाने निवडायचं नाही, कारण आपलं मन चांगलं कोकरू चांगल्या पावडरीकडे ढकलतं. खाद्य, जागा, पाणी सारखं, फरक फक्त त्या एका वस्तूचा. किमान सहा आठवडे. शेवटी प्रत्येक गटाने खाल्लेलं एकूण खाद्य भागिले वाढलेलं एकूण वजन, आणि आजारी दिवस किती, मेली किती. दहा-दहाच्या गटात एका बाजूला रोज २०० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला २१० आली तर तो फरक मानू नका, कोकरा-कोकरातच त्याहून जास्त तफावत असते, परत करून बघा. हगवणीची कोकरं एका गटात सहा आणि दुसऱ्यात एक असतील तर मात्र त्याकडे लक्ष द्यायला पाहिजे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. यीस्ट, प्रोबायोटिक आणि अर्क एकदम चालू केले आणि कोकरं सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही आणि तिन्हींचे पैसे कायम भरत राहाल.

जिवंत वस्तूचं पाकीट थंड कोरड्या जागी ठेवा, उघडल्यावर तोंड घट्ट बांधा, एक्सपायरी बघा, आणि जेवढं महिन्याभरात संपेल तेवढंच आणा. प्रत्येक पोत्याचं लेबल कापून वहीत चिकटवायची सवय लावा, बाजूला तारीख, कुठल्या कोकरांना दिलं, कधी बंद केलं. कोकरू आजारी पडून डॉक्टर आले की पहिला प्रश्न असतो खाद्यात काय होतं, तेव्हा वहीतलं ते पान उघडून समोर धरता येतं.